टाकीतून निघालेलं पाणी जातं कुठं?

धरणात पाणी आहे, टाकी भरलेली आहे, मोटरचं वीजबिलही भरलं आहे. तरी पाचव्या दिवशी नळ आले की वरच्या वस्तीत करंगळीएवढी धार. विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात ही तक्रार ऐकायला मिळते. नगरपंचायतीचे सदस्य म्हणतात, योजना जुनी झाली, नवीन आणू. अभियंता म्हणतो, लोक नळाला टिल्लू (छोटा पंप) लावून ओढतात. लोक म्हणतात, वॉल (व्हॉल्व्ह) उघडणारा वॉलमन ओळखीच्या गल्लीत जास्त वेळ सोडतो. तिघांचंही थोडं थोडं खरं असतं. पण टाकीतून किती पाणी निघालं आणि घरांत किती पोचलं, हा आकडा तिघांपैकी कुणाकडंच नसतो, कारण ते कुणी मोजलेलंच नसतं.

शहरांच्या पाणीपुरवठ्यात डिजिटल तंत्रज्ञान आणायचं म्हणून आज जे काही चाललं आहे, ते या मोजण्यापासून सुरू होतं. टेंडरमध्ये ‘स्काडा’, ‘आयओटी’, ‘स्मार्ट वॉटर’ असे शब्द दिसले की हे नागपूर-पुण्याचं काम, आपलं नव्हे, असं वाटतं. पण २०१५ च्या आसपास विदर्भातली कितीतरी तालुक्याची गावं ग्रामपंचायतीच्या नगरपंचायती झाली. घरासमोर बैल बांधलेले, कागदावर मात्र शहर. १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या अमृत २.० या केंद्राच्या शहरी पाणीयोजनेत अशी लहान गावंही येतात, आणि त्या योजनेत एक उद्दिष्ट आहे: हिशेबात न येणारं पाणी २० टक्क्यांच्या खाली आणायचं. ज्यानं कधी मोजलंच नाही तो २० टक्के आहे की ५० टक्के, हे सांगणार कसा?

शेतकऱ्याला यातलं निम्मं आधीच माहीत आहे. विहिरीवरच्या मोटरला मोबाईल स्टार्टर बसवलेला असतो. रात्री लाइन आली की फोनवर मेसेज येतो, खाटेवरून न उठता मोटर चालू करता येते, आणि विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटर आपोआप बंद पडते. मोजणारा एक भाग, निरोप पोचवणारं सिमकार्ड आणि हुकूम पाळणारा एक भाग. स्काडा म्हणजे एवढंच, फक्त एका मोटरऐवजी जॅकवेल (जिथून धरणाचं पाणी उपसतात ती विहीर), शुद्धीकरण केंद्र, तीन-चार टाक्या आणि मेन लाइन यांवर पसरलेलं. शिवाय ते सगळं तारीख-वेळेसकट लिहून ठेवतं. माझ्या मते यातलं सगळ्यात मोलाचं काम हे लिहून ठेवणंच आहे. दूरवरून वॉल उघडण्याची करामत बघायला भारी वाटते, पण लहान गावाला तिची गरज क्वचित पडते.

पाणी मोजायचं कसं? मोठ्या पाइपवर बहुतेक वेळा विद्युतचुंबकीय मीटर बसवतात. पाण्यात क्षार विरघळलेले असतात, म्हणून ते थोडीफार वीज वाहून नेतं. वीजवाहक वस्तू चुंबकीय क्षेत्रातून सरकली की तिच्यात विजेचा दाब तयार होतो. फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं ते हेच. पाइपभोवती चुंबकाच्या वेटोळ्या, आतल्या भिंतीला दोन इलेक्ट्रोड. पाणी जितकं जोरात, तितका तो दाब जास्त. आत फिरणारं चाक नाही, त्यामुळं गाळानं काही अडकत नाही. अट एकच, पाइप पूर्ण भरून वाहिला पाहिजे. दुसरा प्रकार ध्वनिलहरींचा. प्रवाहाच्या दिशेनं सोडलेली लहर लवकर पोचते, उलट दिशेची उशिरा. त्या सूक्ष्म फरकावरून वेग कळतो. हा मीटर पाइप न कापता बाहेरून बांधता येतो, म्हणून एकदा तपासून बघायचं असेल तर सोयीचा.

आता हिशेब मांडू. समजा गावाची लोकसंख्या १८,००० आहे. भुयारी गटार नसलेल्या शहराला माणशी ७० लिटर हे आपल्याकडचं प्रमाण (गटार असलेल्या शहराला १३५, आणि जलजीवन मिशनमध्ये खेड्याला ५५). म्हणजे दिवसाला १२ लाख ६० हजार लिटर. टाकीच्या बुडाशी बसवलेला मीटर सांगतो की सरासरी तेवढं पाणी निघतं आहे. मग ते पाचव्या दिवशी करंगळीएवढं का येतं? इथं वादाची दिशाच बदलते. ‘पाणी कमी आहे’ हे उत्तर बाद होतं, आणि नवीन धरणाची किंवा मोठ्या योजनेची मागणी करण्याआधी रस्त्याखाली बघावं लागतं. काही लोकांना हा आकडा नकोसा का वाटतो, हे वेगळं सांगायला नको.

बेपत्ता पाणी दोन वाटांनी जातं. एक खरोखर गळतं. दुसरं कुणाच्या तरी घरात, हॉटेलात, बांधकामावर पोचतं, पण त्याची नोंद किंवा पाणीपट्टी नसते. कंबोडियाच्या फ्नोम पेन्ह शहराचं उदाहरण पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात फार सांगितलं जातं, ते यासाठीच. १९९३ मध्ये, युद्धातून उठणाऱ्या त्या शहरात ७२ टक्के पाण्याचा हिशेब लागत नव्हता. २०१० च्या सुमारास हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आलं आणि नळाला चोवीस तास पाणी आलं. पाइपमधला दाब मोजणारी यंत्रं, संगणकावरची बिलं, विभागवार मीटर हे सगळं त्यांनी केलं. पण सुरुवात झाली घरोघर फिरून ग्राहकांची यादी नव्यानं करण्यापासून. कोण नळ वापरतं आणि कोण पैसे भरतं, या दोन याद्या जुळत नव्हत्या. बड्यांनाही बिल लावायचं ठरलं. तिथल्या पाणी खात्याच्या त्या वेळच्या प्रमुखांना पुढं २००६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एका लष्करी अधिकाऱ्याकडं वसुलीला गेल्यावर त्यानं पिस्तूल रोखल्याची आठवण ते सांगतात. असल्या प्रसंगात सॉफ्टवेअर काय कामाचं!

गळती शोधण्याची पुस्तकी पद्धत आपल्या गावात तशीच्या तशी चालत नाही. चोवीस तास पुरवठा असलेल्या शहरात रात्री दोन ते चार या वेळेतला प्रवाह बघतात. लोक झोपलेले, नळ बंद, तरी मीटर फिरतो आहे म्हणजे तेवढं पाणी जमिनीत जातं आहे. आपल्याकडं रात्री लाइनमध्ये पाणीच नसतं. मग दुसरी युक्ती करावी लागते. टाकीत पातळी मोजणारा सेन्सर असेल तर रात्री बाहेर जाणारा वॉल बंद करून सकाळी नोंद बघायची. एक लाख लिटरच्या टाकीत तीन मीटर पाणी उभं राहत असेल, तर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ३३३ लिटर. रात्रीतून नऊ सेंटिमीटर उतरलं तर तीन हजार लिटर गेले. एकतर टाकी झिरपते किंवा वॉल नीट बसत नाही. पुढच्या वाहिन्यांसाठी एका वेळी एकच वस्ती घ्यायची. दीडशे घरांना तासभर पाणी सोडलं आणि मीटरनं ९०,००० लिटर दाखवले, म्हणजे घरामागं ६००. त्याच तासात पंधरा-वीस घरांत कोठी-ड्रम मोजले आणि सरासरी ३८० निघाली, तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी वाटेत राहिलं. अचूक नाही, पण कुठली गल्ली आधी खोदायची हे ठरवायला पुरेसं आहे.

आणि खोदणं आपल्याकडं अवघडच. काळी कन्हारी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. या हालचालीत पाइपचे जोड निखळतात, जुन्या सिमेंटच्या पाइपना तडे जातात. मुरमाड जमिनीत गळती रस्त्यावर येऊन ओल दाखवते. एप्रिल-मे महिन्यात भेगाळलेली काळी माती ते पाणी आतच पिऊन टाकते. महिनोन्‌महिने कुणाला पत्ता लागत नाही. लोखंडी पाइपवर कान लावून गळतीचा सूं-सूं आवाज ऐकण्याची जुनी कला आहे. तिचंच इलेक्ट्रॉनिक रूप म्हणजे आवाज टिपणारे लॉगर. पण पीव्हीसी आणि एचडीपीई पाइप आवाज गिळतात, आणि लहान गावांत बहुतेक तेच घातलेले असतात. म्हणून लोखंडी वाहिन्यांच्या जुन्या शहरात गाजलेलं ध्वनियंत्र आपल्याकडं चालेलच, असं नाही. विक्रेता हे सांगेलच असंही नाही.

त्यापेक्षा दाब मोजणारी छोटी यंत्रं उपयोगी. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब. बारा मीटर उंच टाकीच्या पायथ्याशी सव्वा किलोच्या आसपास दाब दिसायला हवा, आणि पुढं सरकावं तसा घर्षणानं तो हळूहळू उतरायला हवा. दोन ठिकाणांमध्ये तो एकदम कोसळला तर मध्ये गळती आहे, नाहीतर अर्धवट बंद राहिलेला वॉल आहे, नाहीतर टिल्लूंची रांग आहे. टिल्लूचं दुखणं फक्त अन्यायापुरतं नाही. पंप ओढतो तेव्हा पाइपमध्ये पोकळी तयार होते, आणि जिथून पाणी गळत होतं त्याच फटीतून नालीचं पाणी आत येतं. नळाला सुरुवातीला येणारं गढूळ पाणी बहुतेक वेळा याच वाटेनं आलेलं असतं.

या सगळ्याच्या आधी एक बिनखर्चाचं काम आहे, आणि ते बहुतेक गावांत झालेलं नसतं: पाइप नेमके कुठून गेले आहेत याचा नकाशा. नकाशा असतो तो योजना मंजूर झाली तेव्हाचा. नंतर कुठं जोड काढला, कुठला वॉल सिमेंट रस्त्याखाली गाडला गेला, हे एकाच माणसाला ठाऊक असतं. तो म्हणजे वॉलमन. त्याच्याबरोबर मोबाईल घेऊन फिरायचं, प्रत्येक वॉलवर उभं राहून जीपीएसची खूण करायची, फोटो काढायचा, कुठल्या दिशेला किती फेरे म्हणजे बंद ते लिहायचं. नकाशे करायचं क्यूजीआयएससारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तालुक्याच्या कॉलेजची पोरं हे काम करू शकतात. पुढं फायबर टाकायला जेसीबी आला की पाइप फुटण्याआधी दाखवायला काहीतरी हातात असतं. त्या वॉलमनकाकांच्या निवृत्तीआधी हे व्हावं, एवढंच.

डिजिटल योजना फसतात त्याही बहुधा या काकांपाशीच. कर्नाटकात हुबळीत २०११ च्या सुमारास नेक्स्टड्रॉप नावाचा एक नामी प्रयोग झाला. वॉल उघडला की वॉलमननं एका नंबरवर फोन करायचा, आणि त्या भागातल्या लोकांना मेसेज जायचा की पाणी येतं आहे. सेन्सर नाही, मीटर नाही, साधा फोन. पुढं हाच प्रकार बेंगळुरूत नेला. तिथं संशोधकांनी तपासलं तेव्हा दिसलं की बरेच वॉलमन नियमित कळवतच नाहीत, आणि लोकांच्या वाट बघण्यात फारसा फरक पडलेला नाही. मला यात नवल वाटत नाही. हा माणूस सहसा रोजंदारीवर किंवा कंत्राटावर, पहाटे चारला सायकलवर, खिशात स्वतःचा फोन आणि स्वतःचा रिचार्ज. त्याच्या वेळेची नोंद आता साहेबांच्या पडद्यावर दिसणार, पगार मात्र तोच. त्यानं का कळवावं? शिवाय आपल्याकडं मेसेज जातो कर्त्या पुरुषाच्या फोनवर. तो वावरात, आणि पाणी भरणारी बाई घरी.

याच्या उलट उदाहरण केनियातलं. तिथं क्यूसो नावाच्या दुष्काळी भागात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या गटानं हातपंपाच्या दांड्यात हालचाल ओळखणारा सेन्सर आणि सिमकार्ड बसवलं. दांडा हलायचा थांबला की निरोप जायचा. पूर्वी बंद पंप दुरुस्त व्हायला सरासरी २७ दिवस लागायचे, ते ३ दिवसांच्या आत आले. वाचणारे सेन्सरचं कौतुक करतात, पण खरी गोष्ट सेन्सरनंतरची आहे. निरोप मिळाल्यावर मोटरसायकलवर पाना घेऊन निघणारा, ठरलेला, पगारी मेकॅनिक तिथं होता. आपल्याकडं योजना उभारायला कोटी मिळतात. तो मेकॅनिक कुठल्या हेडखाली बसवायचा, यावर मात्र फाइल अडते.

विजेबद्दल थोडक्यात. लहान योजनेचा सगळ्यात मोठा खर्च बहुधा पंपाच्या बिलाचा. एक हजार लिटर पाणी ६० मीटर उचलायला निव्वळ गणितानं ०.१६ युनिट लागतं. पंप-मोटरची मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ०.२७. फ्लोमीटर आणि वीजमीटर यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या आणि हा आकडा ०.४ वर गेलेला दिसला, तर पंप ४० टक्क्यांवर आला आहे. इंपेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) झिजला असेल किंवा फूटवॉल (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाचा वॉल) चोंदला असेल. पंप जळेपर्यंत वाट बघण्यापेक्षा हे बरं.

घरोघरच्या स्मार्ट मीटरबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. सगळ्यांना आधी तेच हवं असतं, कारण ते दिसतं आणि खरेदी मोठी असते. पण जिथं पाणी चार-पाच दिवसांनी तासभर येतं, तिथं पाण्याआधी पाइपमधली हवा धावते आणि चाकाचा मीटर हवेनंही फिरतो. लोक मग म्हणतात, ‘हवेचं बिल देता काय वो?’ त्यांचं चूक नाही. त्यामुळं आधी टाकी, मग वस्त्या, मग पुरवठ्याचे तास वाढवणं, आणि घरचे मीटर शेवटी. लहान गावाला हे जमत नाही असंही नाही. साताऱ्यात कराडजवळच्या मलकापूरनं नगरपंचायत असतानाच चोवीस तास पाणी सुरू केलं. घरचे मीटर रेडिओलहरींवर दूरून वाचता येणारे, आणि जास्त वापरला तर वाढत जाणारा दर. पण तिथं वाहिन्या आणि दाबाची व्यवस्था मीटरच्या जोडीनं नव्यानं केली होती, हे विसरून चालणार नाही.

आपल्या भागाला खास लागू पडणारी जागा आहे ती प्रादेशिक योजनांची. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. विहीर खोदली तर पाणी लागतं, पण जिभेवर धरवत नाही. म्हणून धरणातून लांबलांबच्या पाइपनं अनेक गावांना पाणी जातं. शहानूर धरणातून दर्यापूर-अंजनगाव भागाला जातं तसं. अशा योजनेत सुरुवातीची गावं आणि शेवटची गावं यांचं भांडण ठरलेलं. मध्येच उन्हाळ्यात कुणीतरी एअरवॉल (पाइपमधली हवा सोडणारा वॉल) फोडतं. कधी बागेसाठी, पण पुष्कळदा जनावरांना पाजण्यासाठी. दर काही किलोमीटरवर मीटर असेल तर कोणत्या पट्ट्यात पाणी गळतं ते त्याच दिवशी कळतं. मग तिथं पोलीस पाठवायचे की गुरांसाठी हौद बांधून एक तोटी द्यायची, हे माणसांनीच ठरवायचं. हौद स्वस्त पडतो, असं माझं मत. मोबाईलची रेंज नसलेल्या ठिकाणांसाठी लोरावॅन नावाची पद्धत आहे. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात ती काही किलोमीटरपर्यंत छोटे निरोप पाठवते आणि बॅटरी वर्षानुवर्षं टिकते.

धरणाचा हिशेबही याच वहीत यावा. २०१७ चा पाऊस ओढला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटल्यावर यवतमाळ शहराला टँकरवर राहावं लागलं. रोजचा उपसा आणि रोजची पातळी यांची सलग नोंद असेल, तर बाष्पीभवन धरून पाणी कुठल्या आठवड्यात संपेल हे जानेवारीतच काढता येतं. भुईखालच्या पाण्याचंही तसंच. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या संत्रापट्ट्यात उपसा इतका की भूजल खोल खोल जातं आहे. अटल भूजल योजनेत निरीक्षण विहिरींत पातळी आपोआप नोंदवणारी यंत्रं बसवण्याचं काम होतं ते याच कारणानं.

यंत्रं बंद पडतात ती बहुधा फार साध्या कारणांनी. सिमकार्ड ठेकेदाराच्या नावावर असतं, देखभालीची मुदत संपली की रिचार्ज थांबतो आणि पडदा कोरा होतो. पासवर्ड त्याच्या माणसाकडं. तीन वर्षांच्या नोंदी त्याच्या सर्व्हरवर. म्हणून असं काम सभेत मंजुरीला आलं की विचारायचे प्रश्न यंत्रापेक्षा कराराचे असावेत: सिम कुणाच्या नावावर, नोंदी एक्सेलमध्ये आपल्याला दर महिन्याला मिळतील का, सेन्सर बिघडला तर किती दिवसांत बदलणार, सुटा भाग नागपूर-अमरावतीत मिळतो की परदेशातून येतो, पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे आताच बाजूला ठेवले आहेत का. आणि वीज कडाडली की टाकीवरचं इलेक्ट्रॉनिक्स आधी जळतं, तेव्हा अर्थिंग आणि वीजरोधक अंदाजपत्रकात आहेत का.

पाण्याच्या शुद्धतेचे सेन्सर मात्र अजून लहान गावाला महाग पडतात. क्लोरीन सतत मोजणारं यंत्र मिळतं, पण त्याची रसायनं आणि सफाई नियमित लागते, नाहीतर ते बिनदिक्कत चुकीचा आकडा दाखवत राहतं. तोपर्यंत टाकीत टीसीएल (ब्लिचिंग) पावडर आणि शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात रसायनाचे थेंब टाकून रंग बघणं, हीच रीत. पिवळा रंग आला की क्लोरीन पोचलं. नळाशी ते लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम असावं. यात फोनचा उपयोग एवढाच की जलसुरक्षकानं (गावाचं पाणी तपासणाऱ्यानं) त्या पिवळ्या नळीचा फोटो जागेसकट आणि वेळेसकट पाठवावा. ओडिशात पुरी शहरानं २६ जुलै २०२१ ला नळाचं पाणी थेट पिण्यालायक जाहीर केलं. तिथं वस्तीतल्या बायकांना ‘जलसाथी’ म्हणून नेमून पाणी तपासणं आणि बिल वसूल करणं त्यांच्याकडं दिलं, आणि त्याचा मोबदलाही ठरवला. आपल्याकडं बचत गट गावोगाव आहेत, किट मिळतात. मोबदल्याचा ठराव मात्र नगरपंचायतीलाच घ्यावा लागेल.